पोरीला घरी भाऊ राखायला ठेवलं तर ते 'निर्लक्ष्य' होतं का? बाल अत्याचार आणि दुर्लक्ष यांच्या कायद्यातल्या व्याख्या

तिसरीच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. परवा तालुक्याला बालसंरक्षणाचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. बोलणारे चांगले होते, पण सगळं कन्नडातून, आणि हातात दिलेली पत्रिकाही कन्नड. माझं कन्नड कामापुरतं. हजेरी, बिसियूटाचा (दुपारच्या जेवणाचा) हिशेब, बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी ऑफिसचे कागद, एवढ्यात भागतं. कायद्याचं कन्नड म्हणजे वेगळंच प्रकरण.

पत्रिकेत दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात, दौर्जन्य आणि निर्लक्ष्य. दौर्जन्य, म्हणजे अत्याचार, आपल्याकडे पोथीत भेटतं. निर्लक्ष्य म्हणजे दुर्लक्ष, हे कळलं. पण दुर्लक्ष आपण कशालाही म्हणतो. अभ्यासाकडे दुर्लक्ष, तब्येतीकडे दुर्लक्ष. त्याला तुरुंगवास कसा?

हे विचारायचं कारण, माझ्यासमोर दोन पोरं आहेत.

एक चौथीतली. आठवड्यातले तीन दिवस येतच नाही. येते तेव्हा कडेवर सव्वा वर्षाचा भाऊ. प्रार्थना संपेपर्यंत तो झोपतो, मग फळ्याखाली पोत्यावर त्याला निजवून ही शेजारी बसते. परवा हातच्याची वजाबाकी करत होती. उजव्या हातात पेन्सिल, डावा हात त्याच्या पाठीवर थोपटत. हातचा विसरली नाही आणि थोपटायचीही थांबली नाही. बाप गोव्यात गवंड्याच्या हाताखाली, आई वीटभट्टीवर.

दुसरा तिसरीतला. नळावर तोंड धुतलं आणि सदरा वर करून पुसायला लागला, तेव्हा पाठ दिसली. चार वळ, एकमेकांना समांतर, आणि एकाच्या टोकाला छोटा चौकोन. म्हणाला, "पडलो बाई." पडल्यावर चौकोन उठत नाही.

ही दोन्ही एकाच शब्दात बसतात का? आणि मी तोंड उघडलं तर वीटभट्टीवरच्या त्या बाईला पोलीस नेणार का?

प्रशासक

धाग्यातून गावाचं नाव आणि मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली अशा मुलांची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात. सगळ्यांनी उदाहरणं देताना शाळा, गल्ली, आडनाव टाळा.

बगूया_की

बाई, कशाला ह्या भानगडीत पडालाय? आमी चौघं भावंडं असंच वाढलो की वो. मला माझ्या अक्कानं राखलं. आई भाताच्या लावणीला जायची, बाप गिरणीत. कोण आला नाही बघा आमच्या आईला गुन्हेगार म्हणायला. पट्ट्याचं काय ते बापाला बोलवून समजावा. गरिबाच्या घरात पोलीस घातलासा तर संसार मोडतोय.

काळा_कोट_बेळगाव

बगूया, तुमची भीती खोटी नाही. पण ती दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्याने वाढली आहे. बाई, जरा सविस्तर लिहितो.

'बाल अत्याचार म्हणजे अमुक' अशी एका ओळीची व्याख्या आपल्या कायद्यात शोधाल तर सापडणार नाही. ती तुकड्यातुकड्यांनी पसरली आहे. बाल न्याय कायदा २०१५, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) २०१२, शिक्षण हक्क कायदा २००९, बालमजुरीचा १९८६ चा कायदा आणि त्याची २०१६ ची दुरुस्ती, बालविवाहाचा २००६ चा, आणि १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता. या सगळ्यांत मूल म्हणजे १८ च्या आतलं असंही नाही. बाल न्याय आणि पोक्सोत १८, शिक्षण हक्कात ६ ते १४, बालमजुरीत १४ पर्यंत बालक आणि पुढे १८ पर्यंत किशोर.

तुमच्या प्रश्नासाठी बाल न्याय कायद्यातली दोन कलमं शेजारी ठेवून वाचा.

कलम ७५ हा गुन्हा आहे. मूल ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे, त्याने त्याला मारलं, टाकून दिलं, छळलं, उघड्यावर सोडलं, किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, आणि त्यातून मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास व्हायचा संभव असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखाचा दंड, किंवा दोन्ही. तुमच्या पत्रिकेत निर्लक्ष्यच्या अलीकडे 'उद्देशपूर्वक' असा शब्द असणार. बोट ठेवून बघा. अख्खं कलम त्या शब्दावर उभं आहे. हातात असून, कळत असून केलेलं दुर्लक्ष. ज्याच्या हातात पर्यायच नव्हता त्याचं नव्हे. त्याच कलमाला जोडून असंही लिहिलंय की जन्मदात्यांनी परिस्थितीपुढे हात टेकून मूल सोडलं असेल तर ते जाणूनबुजून मानायचं नाही आणि ही शिक्षा लावायची नाही.

दुसरं कलम २ मधलं पोटकलम १४. ही 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची' व्याख्या. इथे आरोपी शोधत नाहीत, फक्त मुलाकडे बघतात. घरदार नाही, भीक मागताना सापडलं, कायदा मोडून कामाला लावलंय, आईबाप आहेत पण सांभाळायला असमर्थ आहेत, घरात इजा करणारा माणूस आहे, लग्न लावून द्यायचा धोका आहे, अशी लांबलचक यादी आहे. यात बसणाऱ्या मुलासाठी दार पोलीस ठाण्याचं नाही, बालकल्याण समितीचं. आपल्याकडच्या पाटीवर 'मक्कळ कल्याण समिती'. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात एक तरी बाई. त्यांना न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, पण काम मुलाची सोय लावण्याचं.

तेव्हा तुमची चौथीतली दुसऱ्या दारातली. तिसरीतला पहिल्या दाराशीही आहे आणि दुसऱ्याही.

तिसरीच्या_बाई

पत्रिका काढून बघितली. आहे, 'उद्देशपूर्वक'. मी तो शब्द ओलांडूनच पुढे गेले होते.

हाडाचा_मास्तर

सदतीस वर्षं शिकवलं, निवृत्त होऊन बारा झाली. आमच्या वेळी आईबाप पोराला शाळेत सोडतानाच सांगायचे, "मास्तर, हाडं आमची, कातडं तुमचं." आता मुलाकडे डोळे वटारले तरी नोटीस. मारामुळे कुणी मेलं नाही, उलट माणसं घडली. वळ उठवणं मीही चूक मानतो, पण एक छडी आणि पट्ट्याचा मार यात कायदा फरक करत नाही का?

काळा_कोट_बेळगाव

मास्तर, नमस्कार. फरक करतो, पण तुम्हाला हवा तिथे नाही. शाळेपुरतं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे. शारीरिक शिक्षाही नको आणि मानसिक छळही नको. किती छड्या चालतील याचा आकडा त्यात नाही. मोडलं तर सेवानियमांखाली कारवाई. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने नंतर मार्गदर्शक सूचनांत मानसिक छळ म्हणजे काय हेही उलगडून सांगितलं. टोचून बोलणं, जातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून नावं ठेवणं, वर्गासमोर लाज काढणं. हे वाचून बरेच शिक्षक छडीपेक्षा जास्त अस्वस्थ होतात, असा माझा अनुभव.

बाल न्याय कायद्यात शारीरिक शिक्षेचं स्वतंत्र कलम ८२ आहे, पण ते बालगृहासारख्या संस्थांपुरतं. पहिल्यांदा दहा हजारांचा दंड.

आईबापांबद्दल: बारा वर्षांच्या आतल्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देणारं कलम जुन्या दंडसंहितेत ८९ होतं, नव्या संहितेत २७ आहे. त्याचा आधार घेऊन लोक 'माझं पोरगं, मी मारीन' म्हणतात. पण गंभीर इजेला ते कलम उभं राहत नाही, आणि बक्कलाचा चौकोन उठवणाऱ्याने सद्भावना कोर्टात सिद्ध करून दाखवावी.

हाडाचा_मास्तर

बापाच्या धंद्यावरून... हे मी केलंय. एका पोराला वर्षभर 'कल्हईवाला' म्हणत होतो. तो आता टिळकवाडीत दुकान चालवतो आणि मला बघून रस्ता ओलांडतो. असो.

निपाणीच्या_काकू

इकडचं सांगते. आमच्या आळीत दुपारी घराघरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात. आईसोबत दहा-अकराच्या मुलीही. विचारलं तर "शिकालीय, हात बसालाय." कायद्यात कुटुंबाला मदत चालते ना, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नाही. खरंच चालते का?

काळा_कोट_बेळगाव

२०१६ च्या दुरुस्तीने १४ च्या आतल्या मुलांना सगळीच कामं बंद केली आणि घरच्यांसाठी एक फट ठेवली, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्याला मदत. पण तो धंदा धोकादायक नको. विडी वळण्याचं काम १९८६ च्या मूळ यादीपासूनच मुलांना बंद आहे. शिवाय दिवसाचा हजार विड्यांचा भरणा ठेकेदाराला द्यायचा तो घरचा धंदा कसा, हाही प्रश्न आहेच.

चंदगडची_लेक

मी माहेरची चंदगडची, म्हणजे महाराष्ट्रातली, सासर बेळगावच्या पश्चिमेला. दोन्हीकडच्या पाहुण्यांत एक गैरसमज बघते. "अलीकडे जमत नसेल तर पलीकडे लावू." सोळाच्या पोरीचं लग्न. कर्नाटकाचा कायदा वेगळा आहे असं ऐकलंय.

काळा_कोट_बेळगाव

बरोबर ऐकलंत, आणि हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत हवं. केंद्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे बालविवाह 'रद्द करून घेता येण्यासारखा' असतो. म्हणजे मुलीने (सज्ञान नसेल तर पालकामार्फत) कोर्टात जाऊन मागायचं, तेही सज्ञान होऊन दोन वर्षं पुरी व्हायच्या आत. महाराष्ट्रात तेच. कर्नाटकाने दुरुस्ती करून असा विवाह मुळातच शून्य ठरवला. कोर्टात जाऊन मोडायची गरज नाही, तो कायद्याच्या दृष्टीने झालाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अल्पवयीन पत्नीच्या निकालात कर्नाटकाच्या या दुरुस्तीचा मुद्दाम उल्लेख केला होता.

पण लग्न लावणं हा गुन्हा दोन्हीकडे आहे. भटजी, मंडपवाला, आईबाप, सगळे त्यात येतात. आणि त्या मुलीशी नवऱ्याने ठेवलेला संबंध पोक्सोत जातो, हे जावयाच्या घरच्यांना कुणी सांगत नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर मुली देवीला सोडण्याविरुद्ध (देवदासी) वेगळा कायदा आहे, त्याबद्दल इथे लिहीत बसत नाही, धागा भरकटेल.

नाव_नको

मुद्दाम नवीन खातं काढून लिहितेय. नात्यातली चौदा वर्षांची मुलगी. क्लासचे सर रात्री मोबाईलवर घाण मेसेज आणि फोटो पाठवतात. हात लावलेला नाही. घरचे म्हणतात, हात लावला नाही तर केस काय करणार, उगाच पोरीचं नाव होईल. क्लास बदलून गप्प बसावं का?

काळा_कोट_बेळगाव

गप्प बसू नका. पोक्सोचं कलम ११ नेमकं यासाठीच आहे. लैंगिक हेतूने मुलाशी बोलणं, हावभाव करणं, काही दाखवणं, मोबाईलवरून सतत पाठलाग करणं, हे सगळं स्पर्श न करताही गुन्हा. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. स्पर्शाच्या गुन्ह्यातही कपड्यावरून की त्वचेला, असा काथ्याकूट नागपूरच्या एका निकालामुळे झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो निकाल फिरवला. महत्त्वाचा हेतू.

आणि इथे बाकीच्यांनीही नीट वाचा. वर वळांची जी गोष्ट झाली, त्यात कळवणं हे माणूस म्हणून कर्तव्य आहे, पण न कळवल्याबद्दल शेजाऱ्याला शिक्षा करणारं कलम नाही. पोक्सोत आहे. कलम १९ प्रमाणे गुन्हा झालाय हे कळलं, किंवा होईल अशी शंका आली, तर पोलिसांना सांगणं प्रत्येकावर बंधनकारक. कलम २१ प्रमाणे न सांगणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्याचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. म्हणजे बाई, हेडमास्तरांनी 'शाळेची बदनामी' म्हटलं तर हे कलम दाखवायचं. सद्भावनेने सांगितलेलं पुढे सिद्ध झालं नाही तरी सांगणाऱ्यावर दायित्व येत नाही. शहानिशा करणं तुमचं काम नाही, पोरीला दहा वेळा तेच सांगायला लावू नका. मेसेज पुसू नका.

नावाची भीती आहे म्हणून सांगतो. जबाब मुलीच्या घरी किंवा तिला हवा तिथे घेतात, जमेल तिथवर महिला अधिकारी, गणवेशात नसलेली. रात्री ठाण्यात थांबवता येत नाही.

नाव_नको

आणि भाषा? तिला कन्नड येत नाही. ठाण्यात सगळं कन्नडात लिहितात.

काळा_कोट_बेळगाव

हा प्रश्न आपल्याकडेच सुचतो! कलम १९ मध्येच आहे. मूल बोलेल ते साध्या भाषेत लिहायचं, आणि लिहिण्याची भाषा त्याला कळत नसेल तर दुभाष्या द्यायचा. मेहेरबानी म्हणून मागू नका, कलम सांगून मागा. मी एकदा एका आजीला बाकावर बसून ओळन्ओळ मराठीत वाचून ऐकवताना पाहिलंय, एका तरुण पोलिसीणबाईने. तिची मातृभाषा कन्नड होती. असंही होतं.

बगूया_की

वकीलसाहेब, एक राहिलं. ऊसतोडीला बीडकडनं टोळ्या येतात इकडच्या कारखान्यांना. त्यांची पोरं पाचटात फिरत असत्यात. ती कर्नाटकाची का महाराष्ट्राची? कोण बघणार?

काळा_कोट_बेळगाव

मूल सापडलं तिथली समिती बघणार. मूल दुसरीकडचं निघालं आणि त्याच्या हिताचं असेल, तर तिथल्या समितीशी बोलून त्याला तिकडे सोपवायची तरतूद कलम ९५ मध्ये आहे, राज्य वेगळं असलं तरी. सीमेचा दगड मोठ्यांसाठी.

अंगणवाडी_२२

मघापासून वाचतेय. बाई, तुमच्या चौथीतल्या मुलीसाठी समितीपर्यंत जायच्या आधी एक करा. तुमच्या पंचायतीत 'कूसिन मने' आहे का बघा. रोजगार हमीवर जाणाऱ्या बायांच्या तीन वर्षांच्या आतल्या मुलांचं पाळणाघर. पीडीओंना (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना) भेटा, जोडीला एसडीएमसीच्या (शाळा समितीच्या) अध्यक्षांना न्या, एकट्या गेलात तर "नोडोण", म्हणजे बघूया, म्हणून परत पाठवतील. त्या आईचं जॉबकार्ड नसेल तर आधी ते काढायला लावा. शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातलं तर दंड कुठेच नाही. तेव्हा आईला धाक घालण्यात अर्थ नाही. आमच्याकडे बालकांच्या ग्रामसभेत एका मुलीने उभं राहून हेच मागितलं होतं, "माझ्या भावाला कुणीतरी धरा."

बगूया_की

'धरा' म्हणाली...

काल अक्काला फोन केला. म्हटलं, तुझी शाळा सुटली त्याचं तुला काय वाटतंय? लई वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सातवीला गणितात पहिली होते मी, ते तुला माहीत तरी हाय का?" मला माहीत नव्हतं.

तिसरीच्या_बाई

पंधरा दिवसांनी लिहितेय.

अंगणवाडीच्या ताईला घेऊन मुलीच्या घरी गेले. आई वीटभट्टीवरून नुकती आली होती, पायांवर लाल माती सुकलेली. मी 'कायदा' हा शब्द काढला नाही. पंचायतीत कूसिन मने आहे, आमच्या शाळेपासून दोन गल्ल्यांवर, आणि तिला ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, सहा वर्षं इथे असून. जॉबकार्डाचा अर्ज झालाय. तोवर पीडीओंनी बाळाला घ्यायला सांगितलंय, तोंडी. तोंडीचं किती दिवस चालतं बघू.

मुलाबद्दल १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या नंबरवर, फोन केला. मराठीत बोलले, पलीकडच्या बाईने तुटक मराठीत उत्तर दिलं पण सगळं टिपून घेतलं. दोन दिवसांनी माणसं आली. मुलाला कुठेही नेलं नाही, एवढं सांगते, कारण माझी सगळ्यात मोठी भीती तीच होती. बापाला समितीपुढे बोलावलंय. पुढचं इथे लिहिणार नाही, प्रशासकांनी पहिल्याच दिवशी का ते सांगितलंय.

मुलगी या आठवड्यात चार दिवस आली. पहिल्या दिवशी डावा हात बाकावर तसाच थोपटत होता, रिकाम्या फळीवर.